मस्कतचा टीव्ही गेम आणि खंडेनवमी

चौसाळ्यात आमचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. दुरुस्ती अप्पा, म्हणजे माझे वडील करायचे. दहावी झाल्यापासून मी त्यांच्या शेजारी बसायचे आणि ते जेवायला गेले की त्यांनी जोडलेलं उकलून परत जोडायचे. हे त्यांना माहीत होतं. त्यावर आम्ही कधी बोललो नाही.

मला बीडला टीव्ही दुरुस्तीच्या क्लासला जायचं होतं. दिवाळीनंतर नवी तुकडी बसणार होती. विषय काढला की अप्पा म्हणायचे, पोरीच्या जातीला कशाला, आणि आई म्हणायची, आधी जेवून घ्या. असे आम्ही लई दिवस जेवत होतो.

मग मामांनी माळा आवरताना जुना टीव्ही गेम आणून टाकला. मी लहान असताना त्यांनी तो मस्कतहून आणलेला. पुढं लाकडी पट्टी, वर कॅसेट खोचायची खाच, खेळायला एक दांडा. कित्येक वर्षं बंद. अप्पांनी तो हलवून पाहिला, आतून झुरळ पडलं, आणि त्यांना एकदम सुचलं. खंडेनवमीला चार माणसं दुकानात प्रसादाला येतात. त्यांच्यापुढं हा चालवून दाखव, मग खुशाल जा बीडला. मेलेलं जनावर माझ्या दावणीला बांधून ते निवांत झाले.

मी कामाला लागले. फुगलेले कंडेन्सर बदलले, कॅसेटचे काळे पडलेले दात खोडरबरानं घासले. गेम चालू झाला, पण पडद्यावर नुसत्या मुंग्या, कारण चित्र अँटेनाच्या वायरीतून फिरून यायचं. आमच्या नव्या रंगीत टीव्हीला मागं व्हिडिओची पिवळी पिन होती. म्हणून गेममधली ती फिरवाफिरवी करणारी डबीच काढून टाकली, मोडक्या रेडिओतला ट्रान्झिस्टर बसवला आणि चित्र सरळ पिवळ्या पिनेत सोडलं. मुंग्या गेल्या. दुकानात कोणी नव्हतं, मी नाचून घेतलं.

खंडेनवमीला हत्यारं पूजेला बसतात आणि एकदा बसली की दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. अप्पांची भक्ती दांडगी. पक्कड, स्क्रूड्रायव्हर, मीटर, गिऱ्हाइकांचे टीव्ही, कोणालाच सोडायचे नाहीत. भस्माची तीन बोटं, कुंकू, वर तांब्यातलं पाणी. गेम तेवढा चालू ठेवायला त्यांची हरकत नव्हती, ते हत्यार न्हाई, खेळणं हाय, म्हणाले. आतलं काम लोकांना दिसावं म्हणून मी झाकण उघडं ठेवलेलं. शेजारचे किराणावाले कौतुकानं बघत होते. तेवढ्यात अप्पांनी खेळण्यालाही भस्म लावलं आणि वरून पाणी शिंपडलं. पडदा काळा झाला.

"देवाच्या मनात न्हाई," अप्पा म्हणाले.

"देवाचं नाव कावून घेता? तांब्या तुमच्या हातात हाय."

चार माणसं हातातल्या खोबऱ्याकडं बघू लागली.

स्क्रूड्रायव्हर, स्पिरिटची बाटली, सगळं झेंडूच्या फुलांखाली. मी मागितलं नाही, मागून मिळालंही नसतं. डोक्यातल्या पिनेनंच मी गेममधली सर्किटची पाटी उचकटली. घरातून दात घासायचा ब्रश आणला, भस्म-कुंकवाचा चिखल काढला आणि पाटी ओट्यावर उन्हात ठेवून शेजारी बसले. येणारेजाणारे विचारायचे, काय चाललंय. गेम वाळतोय, मी सांगायचे. रडू येत होतं, आणि अप्पांचा राग तर इतका की त्यांच्याकडं बघवेना. माणसं मात्र हलली नाहीत. त्यांना निकाल पाहायचा होता, आणि खोबरंही शिल्लक होतं.

दुपारी पाटी परत बसवली. बटण दाबलं आणि पडद्यावर रणगाडा आला. किराणावाल्यांनी दांडा धरला आणि लगेच मेले. अप्पा पडद्याकडं बघत राहिले. इतके खूष मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

"आता क्लास कशाला?" ते म्हणाले. "तुला तर सगळंच येतंय की."

सगळ्यांनी माना डोलावल्या. इतकं चांगलं काम करायलाच नको होतं.

"वाळला म्हणून चालू झाला," मी म्हणाले. "पण पाण्यानं आत नेमकं काय झालं, ते मला न्हाई येत. तुमाला येतं का?"

गिऱ्हाइकांपुढं येत नाही असं अप्पांनी उभ्या आयुष्यात म्हटलं नव्हतं. त्यांनी चौघांकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"न्हाई," ते म्हणाले.

दिवाळी झाल्यावर ते स्वतः मला बीडला क्लासला सोडायला निघाले. एसटी मांजरसुंब्याचा घाट उतरत असताना, खिडकीबाहेर बघतच, म्हणाले, "तिथं काय काय शिकिवतेत ते मला बी सांग. रोज सांग."