उकळमावशीचं पाणी

सगळी गल्ली तिला उकळमावशी म्हणायची, आणि तिला ते आवडायचं. टोपणनाव चिकटलं की माणूस सहसा चिडतो, ही मिरवायची. उभा जन्म तिने इस्पितळाच्या निर्जंतुकीकरणाच्या खोलीत काढला होता. कात्र्या, चिमटे, ट्रे, तान्ह्या बाळांच्या बाटल्या, सगळं तिच्या हाताखालून वाफेत जायचं आणि शुद्ध होऊन बाहेर यायचं. डॉक्टर आले, गेले, मोठे झाले. मावशी आणि वाफ तिथेच राहिल्या. "उकळलं की सुटलं," हे तिचं एका ओळीचं शास्त्र होतं आणि जगातल्या बहुतेक प्रश्नांना ते तिला पुरत असे.

निवृत्त झाल्यावर हे शास्त्र तिने घरी आणलं. कुणाच्या लग्नाला गेली तरी पिशवीत स्वतःची पाण्याची बाटली. यजमानांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या, हिला त्याचं काही नाही. फक्त एक अडचण होती. इस्पितळात यंत्राची घंटा वाजायची आणि काम झालं म्हणून कळायचं. घरच्या शेगडीला घंटा कुठली? मग तिने स्वतःची खूण ठरवली: पातेल्यातलं पाणी आटून अर्धं उरलं की ते शुद्ध झालं. जितकं जास्त आटवावं तितकं जास्त चांगलं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिचं तिनेच ठरवलं होतं, त्यामुळे त्यावर तिचा विश्वास दांडगा होता.

पाणी घरामागच्या विहिरीचं. नळही होता, पण नळाच्या पाण्याला औषधाचा वास येतो म्हणून ते भांडी घासायला. विहिरीचं पाणी कसं, तर तळाचे दगड मोजावेत असं. ते पिऊन मावशीचा एक दातही हलला नव्हता, असं ती म्हणायची. दोन दात हलत होते, पण तिच्यापुढे कोण बोलणार?

घरात ती, तिची भाची आणि भाचीचा नवरा. भाची लहान असतानाच तिची आई वारली, तेव्हापासून मावशीनेच तिला वाढवलं. त्यामुळे भाचीला बाळ झालं, तेव्हा आजी कोण हा प्रश्नच नव्हता. मुलगी झाली. भाचीचं दूध पुरेना, डॉक्टरांनी पावडरचं दूध सांगितलं, आणि मावशीने बाटल्या आणि पातेलं ताब्यात घेतलं. तिला जणू पुन्हा नोकरी लागली.

जावई पंपांच्या जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून द्यायचं काम करायचा. शांत माणूस, विचारल्याशिवाय बोलायचा नाही. पण एक दिवस शेजारच्या रोपवाटिकेतला पंप दुरुस्त करून आला आणि हात धुता धुताच म्हणाला, "मावशी, बाळाला विहिरीचं पाणी नका देऊ. तिकडे खताची पोती आपल्या विहिरीला खेटून रचलीत. जमिनीतून ते सगळं आपल्याकडेच येतंय. आणि आपल्या संडासाची टाकी तरी कुठे लांब आहे?"

"मी उकळते की."

"जंतू मरतील. खत कसं मरणार?"

अडचणीत आली की मावशीचा आवाज चढायचा. "म्हणजे आम्ही इतकी वर्षं इस्पितळात झक मारली म्हणा की. पंपवाल्यांनी आता आम्हाला पाणी शिकवायचं."

भाची बाळाला थोपटत होती, ती मध्ये पडली. "मावशी, वाद नको. बाळापुरतं नळाचं वापर. मला शब्द दे."

मावशीने शब्द दिला. खोटा दिला नव्हता, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. काही दिवस तिने तो पाळलाही, नाक मुरडत. मग एके सकाळी नळाला गढूळ पाणी आलं. तेवढ्यापुरतं म्हणून तिने विहिरीचं घेतलं, नेहमीसारखं आटवून अर्धं केलं. बाळ मिटक्या मारत प्यायलं. दुसऱ्या दिवशी नळाला स्वच्छ पाणी आलं, पण मावशीचा हात विहिरीच्या बादलीकडेच गेला. जित्याची खोड. मनातल्या मनात ती जावयाला म्हणाली, बघा, काय झालं का बाळाला? आणि भाचीला सांगायचं ती विसरली. विसरली म्हणजे सांगितलं नाही.

बाळाचे ओठ जांभळट दिसायला लागले तेव्हा मावशीला वाटलं, गारठा असेल. तिने दुपटं घट्ट केलं. मग नखं काळवंडली. मग बाळ रडायचाही कंटाळा आल्यासारखं रडू लागलं. भाचीने बाळाला उजेडात नेलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. जावयाने रिक्षा आणली.

इस्पितळ तेच, मावशीचं. डॉक्टरीणबाई नवीन होत्या, पण वॉर्डातली सिस्टर जुनी. नळी लावली, प्राणवायू सुरू केला, तरी बाळाचा रंग पालटेना. छातीत आवाज नाही, ताप नाही. डॉक्टरीणबाईंनी एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली. पावडर कुठली? किती वेळा? पाणी कुठलं?

"नळाचं," भाची म्हणाली. "मावशी उकळून घेते."

"या असताना पाण्याची काळजीच नको, मॅडम," सिस्टर म्हणाली. "या आमच्या उकळमावशी. अर्ध्या इस्पितळाला यांनी शिस्त लावलीय."

डॉक्टरीणबाई मावशीकडे बघून हसल्या. तो क्षण मावशीचा होता. तोंड उघडायचं आणि म्हणायचं, नळाचं नाही, विहिरीचं. एवढेच शब्द. पण समोर सिस्टर कौतुकाने बघत होती, बाजूला जावई उभा होता, आणि उभ्या जन्माची अब्रू त्या एका वाक्यावर आली होती. मावशी मूग गिळून बसली.

"मग हृदयाचं असू शकतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मोठ्या इस्पितळात हलवावं लागेल. गाडी बोलावते. तोवर रक्त घेऊ." आणि त्या गेल्या.

मावशी बाकावर बसून राहिली. बाळाची पावलं दुपट्यातून बाहेर आली होती, राखेच्या रंगाची. खताचं आणि याचं काही नातं असेलच असं नाही, ती स्वतःला समजावत होती, हृदयाचंच असेल. एखाद्या लेकराचं हृदय अधू निघावं अशी आशा माणूस करू शकतो, हे तिला तेव्हा कळलं, आणि स्वतःची किळस आली. तरीही ती उठली नाही.

डॉक्टरीणबाई धावतच परत आल्या. हातात रक्ताची नळी, आणि रक्त लाल नव्हतं, चॉकलेटसारखं तपकिरी होतं. "घरात विहीर आहे का? नीट आठवा. विहिरीचं पाणी कुणी दिलं का हिला?"

आता लपवण्यासारखं उरलंच नव्हतं. "मी दिलं," मावशी म्हणाली. "अर्धं होईस्तोवर आटवून."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. नायट्रेट, त्या म्हणाल्या. खतातून, मैल्यातून पाण्यात उतरतं. त्याला ना रंग, ना वास, ना चव. मोठ्या माणसाला सहसा लगेच काही जाणवत नाही, पण तान्ह्या बाळाच्या रक्ताला ते प्राणवायू वाहू देत नाही. उकळून ते जात नाही. पाणी उडून जातं आणि ते मागे राहतं, अर्ध्या पाण्यात दुपटीने. मग त्यांनी शिरेतून औषध द्यायला घेतलं. औषध गडद निळं होतं. पाहता पाहता बाळाच्या ओठांवर गुलाबी रंग चढला आणि ते जोराने, खऱ्या रागाने रडलं. भाची भिंतीला टेकून खाली बसली.

बाळ घरी आलं. विहिरीवर जावयाने झाकण टाकून कुलूप लावलं. मावशीला तो एका शब्दाने बोलला नाही, उलट गल्लीत सांगत सुटला, "मावशींनी खरं सांगितलं म्हणून बाळ वाचलं. दुसऱ्या कुणी कबूल केलं नसतं." बायका तिला शाबासकी देऊन गेल्या. ज्यांनी चपला मारायच्या त्यांनीच हार घालावा, असं मावशीला होई. ती दारोदार जाऊन सांगून आली, पाणी आटवू नका, तान्ह्याला विहिरीचं देऊ नका, मी चुकले. लोकांनी तेही कौतुकाने ऐकून घेतलं.

भाची मात्र तिला बाटलीला हात लावू देईना. भांडली नाही, टोमणा मारला नाही. "तू बस, मावशी. मी करते." आवाज इतका गोड, की पाहुण्याशी बोलावा तसा. मावशीच्या मांडीवर ती बाळ द्यायची, अंगाई म्हणायला सांगायची, फक्त दुधाची वेळ झाली की उचलून न्यायची.

शेवटी एका दुपारी मावशीला राहवेना. भाची पावडर मोजत होती. मावशी ओट्याजवळ जाऊन उभी राहिली. "तू पाण्याबद्दल मला माफ करशील, मला ठाऊक आहे. पण तुला एक गोष्ट माहीत नाही. डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, तेव्हाच मला सांगता आलं असतं. मी मुद्दाम गप्प बसले."

भाचीचा हात थांबला नाही. तिने चमचा सपाट केला, पावडर बाटलीत टाकली, झाकण फिरवलं.

"माहीत आहे," ती म्हणाली. "सगळे बाळाकडे बघत होते. मी तुझ्याकडे बघत होते. लहानपणापासून ओळखते मी तुझं तोंड."

मावशी ओट्यावर सांडलेली पावडर बोटाने गोळा करू लागली.

"पाण्याचं तुला कळत नव्हतं, मावशी. ते मी त्याच दिवशी सोडून दिलं." भाचीने बाटली हलवली, दुधाचा थेंब मनगटावर टाकून पाहिला. "पण तेव्हा तुला कळत होतं."

आतल्या खोलीत बाळ जागं झालं होतं. भाची बाटली घेऊन आत गेली.