भाऊजींचं दही

महाडपासून पोलादपूरपर्यंत घड्याळ लावून दही टांगणारा माणूस एकच, आणि तो माझा थोरला दीर आहे. भाऊजींची सगळी नोकरी औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत झाली. तोवर घरात चहापत्तीचा डबा कुठे असतो हेही त्यांना माहीत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी वहिनी, म्हणजे माझी थोरली जाऊ, गेल्या आणि हा माणूस स्वयंपाकघरात शिरला तो ग्रीक योगर्ट घेऊन. पुण्याच्या लेकीनं फोनवर सांगितलं होतं, बाबा, त्यात प्रोटीन असतं. मी म्हटलं, "भाऊजी, हा आपला चक्काच की." ते म्हणाले, "चक्का रात्रभर, ग्रीक चार तास. फरक घड्याळात आहे."

मग वहिनींच्या जुन्या सुती साड्यांचे चौकोन फाडले गेले आणि खिडकीच्या गजांना, नळाला, देवघराच्या कडीलासुद्धा पुरचुंड्या लोंबू लागल्या. फणसाच्या गऱ्यांचं श्रीखंड झालं, ते उत्तम होतं. तांदळाच्या भाकरीवर लसणीचं घट्ट दही झालं, तेही चाललं. दह्यातलं सुकटीचं कालवण झालं तेव्हा मात्र मांजरानं वास घेऊन पाठ फिरवली. भाऊजींनी शांतपणे वहीत लिहिलं, 'मांजर : नकार.' गळालेलं पाणी आमटीत जायचं आणि आमटी आमच्या पोटात. दर रविवारी आम्हाला जेवायला बोलावणं असे, आणि नाही म्हणायची सोय नसे.

फ्रिजमधल्या प्रत्येक वाटीवर तारीख, वेळ आणि वजनाची चिठ्ठी. याद्यांवर माझाही संसार चालतो, त्यामुळे हे मला मनापासून आवडे. नियम मीच घालून दिला होता : ज्यावर चिठ्ठी नाही ते टाकायचं. दिवाळीआधी मी त्यांचं घर आवरायला गेले. यादीत सातवं काम फ्रिज. मागच्या कोपऱ्यात एका लहान स्टीलच्या वाटीत आंबूस दही होतं, चिठ्ठी नव्हती. टाकलं, वाटी घासली, खूण केली.

संध्याकाळी भाऊजींनी फ्रिज उघडला आणि लसणीच्या, श्रीखंडाच्या वाट्या एकेक करून बाजूला सारल्या.

"शोभा, विरजण कुठाय?"

वहिनींनी शेवटचं जे दही लावलं होतं, त्यातलंच चमचाभर ते रोज पुढच्या दुधाला लावत होते. दोन वर्षं.

"चिठ्ठी का नाही लावलीत?"

"त्यावर काय लिहायचं?"

मी वाटी घेऊन शेजारच्या आत्यांकडे धावले. वहिनींनी त्यांना विरजण दिलेलं मला आठवत होतं. आत्या मूळच्या शिवथरच्या; त्या ओटीवर दिवा लावत होत्या. "तुझ्या जावंचंच हाय गो. पण दिवं लागलं, आता दही घराभायेर जायाचं नाय. सकाळी ये."

सकाळी भाऊजी स्वतःच गेले, इस्त्रीचा शर्ट घालून. दही लावलं. या वेळी वाटीवर चिठ्ठी होती, ठळक अक्षरांत : 'शोभाने हात लावू नये.' घरचे सगळे हसले. मीही हसले, आणि घरी येऊन यादीतली ती खूण खोडली.

रविवारची जेवणं चालूच राहिली. भाऊजी पहिली वाटी माझ्यापुढेच ठेवत. ते मला फार जड जाई. स्वतः चमचाभर चाखत, वहीत काही न लिहिता वही मिटत.

गेल्या रविवारी मी पाण्याची बाटली घ्यायला फ्रिज उघडला. वाटी जागेवर होती. चिठ्ठी नव्हती.

"भाऊजी, चिठ्ठी पडली वाटतं."

"काढली." ते पुरचुंडी पिळत होते, पाठ माझ्याकडे. "आत्यांच्या घरात राहून ते त्यांचं झालंय. हिच्या हातचं लागत नाही. लाव खुशाल हात."

मी बाटली घेतली आणि फ्रिजचं दार हलकेच लावलं. वाटीला हात लावला नाही.