मामीशी सहमत

माझ्या मामाला एखादा सिनेमा आवडला की त्या सिनेमाची धडगत नसते. आवडला नाही तर तो एका वाक्यात मोकळा होतो. आवडला की मग त्यातली प्रत्येक खोली, प्रत्येक दार, प्रत्येक माणूस उलटापालटा करून बघतो. "वाईट गोष्टीत कोण डोकं घालील?" असं त्याचं म्हणणं.

मामा कुलूपवाला आहे. दोन इमारतींमधल्या बोळाच्या तोंडाशी त्याचं दुकान. दुकान म्हणजे एक काउंटर, एक उंच स्टूल, किल्ली कापायचं मशीन आणि पाठीमागे किल्ल्यांनी भरलेली भिंत. गिऱ्हाईक किल्लीसाठी थांबलं की मशीनच्या घरघरीवर आवाज चढवून मामा त्याला हल्ली पाहिलेला सिनेमा नाहीतर हल्ली वाचलेली कादंबरी समजावून सांगतो. किल्ली तयार होते, पण मत संपत नाही. लोक किल्ली खिशात टाकून मागे मागे सरकत ऐकत राहतात. भिडेखातर ऐकतात असं मला आधी वाटायचं. पण एकदा एक बाई नुसतंच मत ऐकायला आली, आणि उगाच वाईट दिसायला नको म्हणून कपाटाची जास्तीची किल्ली करून घेऊन गेली.

मामी खुर्च्यांची आणि सोफ्यांची कव्हरं शिवते. चौकातल्या सिनेमागृहाच्या निम्म्या खुर्च्यांचं कापड तिच्या हातचं. सिनेमा सुरू होण्याआधी ती अंधारात शिवण चाचपून बघते. रेस्टॉरंटमध्ये गेली की मेन्यू हातात घेण्याआधी खुर्चीची बैठक दाबते. बैठक खोटी निघाली, तर मग सूप कितीही चांगलं असो, ती जागा तिच्या मनातून उतरली म्हणून समजा.

"अगं, आपण सूप प्यायला आलोय, बसायला नाही," मामा म्हणायचा.

"मग उभ्यानं प्या," मामी म्हणायची.

मी त्यांची भाची. नोकरीसाठी या शहरात आले, काही दिवस म्हणून त्यांच्या घरी उतरले आणि वरच्या खोलीत कायमची राहिले. त्यांना मूलबाळ नाही, आणि त्या दोघांच्या मध्ये बसायला कोणीतरी हवंच होतं. कारण रविवारची पद्धत ठरलेली होती. दुपारी सिनेमा, मग कुठेतरी खाणं, मग चालत घरी. आणि घरी येऊन चपला काढून किटली गॅसवर चढेपर्यंत कोणीही मत फोडायचं नाही. हा नियम माझ्या आधीपासूनचा. एकदा सिनेमागृहाच्या पायऱ्यांवरच दोघांची अशी जुंपली होती म्हणे, की एका सज्जन माणसाने मामीला बाजूला घेऊन, "ताई, माहेरी सोडू का?" असं विचारलं होतं.

किटली चढली की आधी मामी बोलणार, मग मामा तिचं म्हणणं खोडून काढणार, आणि मी पंच. पंचाला स्वतःचं मत नसतं, हे मला पहिल्याच रविवारी बजावण्यात आलं. घरासाठी भांडणाऱ्या दोन भावांचा एक सिनेमा आम्ही पाहिला, तेव्हा धाकट्याची बाजू घेऊन मामी असं काही बोलली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मामाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "धाकटा एवढा गुणी, तर थोरल्याच्या खोलीला बाहेरून कडी कोणी लावली?" त्या कडीवर दोघं जेवणाच्या वेळेपर्यंत भांडली. जेवताना मात्र दोघंही खूश होती. भूक सडकून लागलेली असायची.

कादंबऱ्यांचंही तसंच. दुपारी दुकान बंद असतं तेव्हा मामा मामीच्या शिवणाच्या खोलीत बसून मोठ्याने वाचणार, ती शिवत ऐकणार, आणि प्रकरण संपलं की मशीन थांबवून वाद घालणार. नवरा-बायको अशी दिवसातून दोनदा भांडतात आणि तरी एकमेकांवाचून चहा पीत नाहीत, हे मला समजायला बराच वेळ लागला.

मग एका सकाळी मशीनवर काम करता करता मामी एका बाजूला कलंडली.

दवाखान्यात डॉक्टरांनी मला आणि मामाला व्हरांड्यात बोलावलं. हृदयाचे ठोके चुकत होते, औषधाने ते जागेवर आले आहेत, आता धोका नाही, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. "फक्त सध्या दगदग नको. आणि त्यांचं मन अस्वस्थ होईल असं काही नको. वादविवाद टाळा," एवढं म्हणून ते पुढच्या पेशंटकडे गेले. मी "धोका नाही" हे शब्द पकडले. मामाने "वादविवाद टाळा" हे शब्द पकडले आणि घट्ट धरून ठेवले.

मामी घरी आली. कादंबरी जिथे राहिली होती तिथून मामाने वाचायला घेतली. नवऱ्याचं घर सोडून बंदरावर खाणावळ चालवणाऱ्या एका बाईची ती गोष्ट होती. प्रकरण संपलं तशी मामी उशीला टेकून बसली आणि म्हणाली, "नवरा न्यायला आला तेव्हा तिनं दार उघडायलाच नको होतं."

मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते. आता मामा उसळणार म्हणून मी वाट सोडून बाजूला झाले.

"तुझंच बरोबर आहे," मामा म्हणाला.

मामीने त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी चहा पुढे केला. दुसरं काय करणार?

त्यानंतर घरात सहमतीची साथच आली. शेजारच्या वकिलीणबाईंनी आणलेलं पुडिंग मामीला गिळगिळीत लागलं, मामालाही गिळगिळीत लागलं. आणि तो दोनदा वाढून घेऊन खात होता. टीव्हीवरच्या एका रटाळ सिनेमाला मामी मुद्दाम "बरा आहे" म्हणाली, तर मामा म्हणाला, "बराच बरा आहे." दुकानात तो गिऱ्हाइकांवर दुप्पट तोंडसुख घेत होता. साहजिकच आहे, घरी साठलेलं कुठेतरी निघायला हवं. घरी आला की मात्र मूग गिळून बसायचा. मला वाटलं, किती सोसतोय बिचारा मामीसाठी. आणि मामी मात्र दिवसेंदिवस सुकत चालली होती. मशीनवर बसली तरी अर्ध्या शिवणीवर हात थांबायचा.

एका संध्याकाळी तिने मला शिवणाच्या खोलीत बोलावलं. जाड कापड कापायची तिची कात्री तिने मऊ फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिली. या कात्रीला मामाही हात लावू शकत नसे. एकदा त्याने त्या कात्रीने पुठ्ठा कापला, तर मामी त्याच्याशी सबंध दिवस बोलली नव्हती.

"तुझ्याजवळ राहू दे," ती म्हणाली. "आणि मामाला सूप जास्त गरम लागतं, ते लक्षात ठेव."

"मामी, हे काय चाललंय?"

"डॉक्टर काय म्हणाले ते मला माहीत आहे."

"डॉक्टर म्हणाले, धोका नाही. मी स्वतः ऐकलंय."

"जाणाऱ्या माणसाला असंच सांगतात," मामी म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता. "ती कादंबरीतली बाई शेवटी आजारातून बरी होऊन खाणावळ पुन्हा सुरू करते, असं ह्यांनी मला वाचून दाखवलं. मला ते काही खरं वाटलं नाही. हे दुकानात गेल्यावर मी पुस्तक उघडलं. ती मरते गं. शेवटच्या पानावर मरते. ह्यांनी सगळं मनाचं रचून वाचलं. आणि माझं प्रत्येक म्हणणं पटतंय म्हणे ह्यांना! लग्न झाल्यापासून ह्या माणसाला माझं एक मत पटलेलं नाही. आता पटायला लागलंय. मला काय एवढंही कळत नाही?"

मी तिला मिठी मारली, शपथा घातल्या, पण तिने माझ्याच पाठीवर थोपटलं. तिचं ठरलं होतं.

मी तशीच तडक मामाच्या दुकानात गेले. चांगलाच राग आला होता मला. म्हटलं, "मामा, तुझ्या त्या होकारानं मामी खंगायला लागली आहे." आणि सगळं सांगितलं. मामा स्टुलावर बसला होता. हातातली कानस त्याने खाली ठेवली.

"पण डॉक्टर म्हणाले, वाद नको."

"डॉक्टर तुमच्या घरी राहिलेत का?"

"आणि भांडता भांडता तिला काही झालं तर? तू येशील सांगायला, की मामा, तुझं बरोबर होतं?" त्याचे डोळे भरून आले होते. त्याचं चुकत होतं, पण त्याची भीती खोटी नव्हती. बोललो तर ती जाईल आणि नाही बोललो तरी झुरून जाईल, अशा कात्रीत तो सापडला होता. शेवटी म्हणाला, "हळू भांडून बघतो."

त्या संध्याकाळी त्याने हळू भांडून बघितलं. मी मुद्दाम कोपऱ्यात भाजी निवडत बसले.

"मला ती कादंबरी मुळीच आवडली नाही," मामाने उसनं अवसान आणून जाहीर केलं.

"का नाही आवडली?" मामीने विचारलं.

"म्हणजे... तशी चांगली आहे. पण आवडली नाही. तुला दगदग होत नाहीये ना?"

मामी त्याच्याकडे इतक्या मायेने बघत राहिली की मला तिथे बसवेना. "असू दे," ती म्हणाली. "दमलात तुम्ही. हात धुऊन घ्या." खोटं भांडण करून मामाने तिची उरलीसुरली आशाही घालवली होती.

पुढे डॉक्टरांनी बाहेर पडायला परवानगी दिली, आणि पहिल्याच रविवारी आम्ही सिनेमाला गेलो. मामीने नेहमीसारखी शिवण चाचपली नाही. हात मांडीवर ठेवून बसली. सिनेमा तसा रंगतदार होता. एका श्रीमंत घरातल्या मुलीला तिचा काका जुन्या कोठीत कोंडून ठेवतो, आणि ती केसातली पीन काढून भलंमोठं कुलूप बघता बघता उघडते. कुलूप खट्‌कन उघडलं तसा माझ्या शेजारी मामा खुर्चीत इंचभर वर उचलला गेला. मग खाली बसला. मला त्याच्या श्वासाचा आवाज येत होता.

नंतर आम्ही बसथांब्याजवळच्या नव्या रेस्टॉरंटमध्ये बसलो. तीन सूप आणि पाव मागवले. मामीने बैठकही दाबून बघितली नाही. सूप आलं. तिने चमचा हातात घेतला, तसाच खाली ठेवला आणि नियम मोडला.

"मला तो पिनेचा प्रसंग फार आवडला," ती म्हणाली. "अगदी खरा वाटला. कुलपं अशीच उघडतात."

कुलूपवाल्याची बायको हे बोलत होती. मामाचे कान लाल झाले. त्याने पावाचा तुकडा मोडला, पुन्हा मोडला, पार चुरा केला.

"हो," तो म्हणाला. "असेल."

मामीचे डोळे भरले. तिने हळूच विचारलं, "इतकं कमी राहिलंय का हो माझं?"

मामाने तिच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हा रडणार.

"कमी?" तो म्हणाला. "कमी? अगं, सात लिव्हरचं कुलूप होतं ते! सात! पिनेनं उघडतं? त्या पिनेनं धड कान कोरता येत नाही!" त्याने टेबलावर हात आपटला, माझं सूप सांडलं. "हयात गेली माझी कुलपांत, आणि तू मला सांगतेस कुलपं अशी उघडतात? मूर्ख सिनेमा! मूर्ख तो काका! आणि ते आवडणारे सगळे..." त्याने वाक्य कसंबसं आवरलं, नेहमी जवळ असणाऱ्या दुकानाच्या पिशवीत हात घालून एक पितळी कुलूप बाहेर काढलं आणि तिच्या पुढ्यात ठेवलं. "काढ पीन. उघडून दाखव. आत्ता!"

सगळं रेस्टॉरंट आमच्याकडे बघत होतं. मामीने अंबाड्यातली पीन ओढली, केस मानेवर मोकळे झाले. पदराने डोळे पुसून तिने पीन कुलपात घातली आणि खाटखूट करायला लागली.

"गंजलंय तुमचं कुलूप."

"गंजलंय? काल तेल दिलंय त्याला मी!"

"मग सिनेमातलं चांगल्या कारागिराचं असेल."

"काय म्हणालीस?" मामा अर्धा उभा राहिला आणि एकदम थांबला. त्याचा चेहरा पांढरा पडला. हात तिच्या मनगटाकडे गेला. "अगं, तुला... तुला बरं वाटतंय ना? छातीत काही?"

"गप्प बसू नका," मामी म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती हसत होती. "मध्येच थांबलात तर बघा. बोला पुढे."

मामा बोलला. उभा राहून बोलला. त्या पुस्तकातल्या बाईला आपण का जिवंत ठेवलं तेही बोलला, आणि लेखकालाच अक्कल नव्हती हेही. मामीने प्रत्येक मुद्दा खोडला, सूप संपवलं, माझ्या वाटणीचा पावही खाल्ला. निघताना तिने खुर्चीची बैठक दाबली आणि वाढणाऱ्या माणसाला ऐकवलं, "आत भुसा भरलाय का?" माझा जीव भांड्यात पडला.

घरापर्यंत दोघं भांडत आली. आत शिरल्यावर मामा किटली शोधायला गेला. मामी दारातच एका हाताने भिंत धरून उभी होती, एक चप्पल पायात, एक हातात.

"जा गं," ती मला म्हणाली, "माझी कात्री घेऊन ये वरून. तुला कुठे काय शिवता येतं?"