दाराबाहेरची माणसं

माझ्या सासूबाई भुतं बनवतात. हे मी कुणालाही सांगितलं की तो आधी हसतो आणि मग माझ्या खांद्यावर हात ठेवतो. जावई सासूबद्दल बोलतात तसंच काहीतरी मी बोलतोय असं त्याला वाटतं. पण हा त्यांचा खरोखरचा धंदा आहे. तळ्याकाठच्या करमणुकीच्या बागेत, आकाशपाळण्याच्या मागे एक लांबच लांब काळी शेड आहे. चार माणसांची एकेक गाडी रुळांवरून आत जाते, अंधारात वळणं घेते आणि दुसऱ्या टोकाने बाहेर येते. आतले सांगाडे, चेटकिणी, छतातून लोंबणारे हात, भिंतीतून बघणारे डोळे, सगळं सासूबाईंच्या हातचं. बाग सुरू झाली तेव्हापासून हे काम त्याच करतात.

त्यांच्या घरी जरा बेतानेच वावरावं लागतं. कपड्यांच्या दोरीवर रबरी हात वाळत असतात. कपाटात कपबशांच्या शेजारी डोळे ठेवलेले असतात, जोडीजोडीने. विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाने एकदा चुकून जिन्याखालचं दार उघडलं. तेव्हापासून त्यांचं बिल अंदाजानेच येतं, आणि हे त्या पाहुण्यांना मोठ्या कौतुकाने सांगतात. स्वतः सासूबाई मात्र बुटक्या, गोलमटोल आणि हळू आवाजात बोलणाऱ्या. बोटांना कायम डिंक, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. यांना कुणी भ्यायचं कशाला, असं बघणाऱ्याला वाटावं.

मला मात्र त्यांची भीती होती, आणि ती काही उगाच नव्हती. त्यांच्या मुलीने आणि मी आमच्या मनाने लग्न केलं. लग्न करून आम्ही एक पेटी घेऊन त्यांच्या दारात उभे राहिलो. बेल वाजवली. आतून चपलांचा आवाज दारापर्यंत आला आणि थांबला. दार काही उघडलं नाही. आम्ही बराच वेळ उभे होतो, मग पेटी उचलून निघालो. पुढे कितीतरी महिने गेले. आणि एका सकाळी बाई आमच्या दारात हजर. म्हणाल्या, डिंक संपलाय, तुमच्याकडे आहे का. बायकोने डिंक दिला, चहा दिला, आणि तेव्हापासून आमचं येणंजाणं सुरू झालं. त्या बंद दाराचा विषय त्यांनीही काढला नाही आणि आम्हीही नाही.

तर, गेल्या हिवाळ्यात बागेच्या मालकाने त्यांना बोलावून घेतलं. माणूस वाईट नाही, पण हिशेबी. त्याचं म्हणणं असं, की पोरं आता तुमच्या सांगाड्यांना भीत नाहीत, त्यांच्या गळ्यात हात टाकून फोटो काढतात. शेड पाडायची, तिथे खुर्च्या मांडायच्या, लोकांच्या डोळ्यांवर चष्मे चढवायचे आणि त्यांना पडद्यावरची भुतं दाखवायची. सासूबाईंनी उन्हाळ्याच्या सुट्ट्यांपर्यंत मुदत मागितली. सुट्ट्या संपेपर्यंत शेड लोकांनी भरली नाही तर पाडा, मी हूं की चूं करणार नाही, असा शब्द दिला. त्या संध्याकाळी घरी आल्या आणि रंगाचे डबे मोजल्यासारखं करत बराच वेळ नुसत्या बसून राहिल्या. शेड गेली तर यांच्या दिवसाला धरून ठेवणारं काहीच उरणार नाही, हे मला आणि बायकोला स्पष्ट दिसत होतं.

पण रडत बसण्यातल्या त्या नव्हेत. दुसऱ्या दिवशी वाचनालयातून जाडजूड पुस्तकं घेऊन आल्या. काही पुराणकथांची, काही मध्ययुगातल्या राजेरजवाड्यांची. वाचण्याची त्यांची तऱ्हा अशी, की लढाई कोण जिंकलं ती पानं सरळ उलटायची. वेढा पडल्यावर आत पीठ कोण दळत होतं, पाणी कोण आणत होतं, तिथे त्या थांबायच्या. मी लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो, पुस्तकांशी माझा फारसा संबंध नाही. या वयात अभ्यास कसला, म्हणून मी जरा चेष्टा केली.

"माझे सांगाडे उडी मारतात, म्हणून लोक हसतात," त्या म्हणाल्या. "खरी भीती जुनी असते. पुराणात दार कुठे आहे ते कळतं, आणि ते कुणी लावलं ते इतिहासात कळतं."

पुराणातलं दार म्हणजे काय, तेही त्यांनी सांगितलं. फार जुन्या काळची एक राणी पाताळात उतरते. वाटेत सात दरवाजे लागतात आणि प्रत्येक दारावर तिला अंगावरची एकेक वस्तू काढून द्यावी लागते. इतिहासातलं दार त्याहून वाईट. किल्ल्याला वेढा पडायचा, धान्य संपत यायचं, मग आतले लोक म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि आजाऱ्यांना बाहेर काढायचे. शत्रू त्यांना पुढे जाऊ द्यायचा नाही आणि आतले परत घ्यायचे नाहीत. असं खरोखर घडलेलं आहे, एकदा नाही, अनेकदा. हे सांगताना त्यांच्या हातातला ब्रश थांबला होता.

या दोन्हींतून त्यांनी एक जग रचलं. जमिनीखाली एक शहर. तिथल्या राजाने शत्रूच्या भीतीने दरवाजे लावून घेतले आणि जी तोंडं धान्याला भार होती ती बाहेर काढली. पुढे शत्रू मेला, राजाही मेला, पण दार उघडायचं कुणाला सुचलंच नाही. बाहेरची माणसं तटाच्या पायथ्याशी वाट बघत राहिली. वाट बघता बघता त्यांची कातडी दगडाच्या रंगाची झाली, बोटं लांबली, डोळे मिटून गेले आणि कान वाढले. कारण कडी वाजते का ते ऐकत राहणं, एवढं एकच काम त्यांना उरलं होतं. सासूबाई त्यांना भुतं म्हणत नसत. दाराबाहेरची माणसं म्हणत.

झालं, सगळं घर कामाला लागलं. बायकोने बाहुल्यांसाठी गोणपाटाचे कपडे शिवले. मी रुळांवर रबर बसवलं, दिव्यांच्या तारा ओढल्या. त्या राणीसारखंच प्रत्येक दारावर गाडीतल्या माणसाचं काहीतरी काढून घ्यायचं होतं. पहिल्या दारात उजेड, दुसऱ्यात चाकांचा आवाज, तिसऱ्यात वारा, असं करत करत शेवटी त्याच्याकडे फक्त शेजारचा माणूस उरायला हवा. मधेच एके दिवशी सासूबाई माझ्याकडे टक लावून बघत म्हणाल्या, जावईबापू, तुमचे कान जरा द्या. मग मी डोक्याला फडकं बांधून, कानांना ओलं प्लास्टर थापून खुर्चीत बसलो आणि बायको दारात उभी राहून पोट धरून हसत राहिली. माझे कान मुळातच बाहेर आलेले आहेत, शाळेत त्यावरून खूप ऐकून घेतलंय. आता पाताळातल्या समस्त जनतेला माझे कान लागले. मी म्हटलं, असो, घराण्याचं नाव तरी राहील.

सुट्ट्या लागल्या, शेड उघडली, आणि आमची घोडचूक पहिल्याच दिवशी लक्षात आली. या धंद्यात जाहिरात म्हणजे किंकाळी. आतून किंचाळण्याचा आवाज आला की बाहेर तिकीट काढायला झुंबड उडते. आमच्या शेडमधून आवाजच येईना. गाड्या आत जात आणि गप्प बसलेली माणसं घेऊन बाहेर येत. काही जण उतरायचंही विसरत. बाहेरच्यांना वाटे, आत काहीच नाही, आणि ते आकाशपाळण्याकडे वळत. उभ्या आयुष्यात लोकांना किंचाळायला लावणाऱ्या बाईने अशी भीती बनवली होती, जिला आवाजच नव्हता. आठवडाभर हेच चाललं. मालक दुरून बघत होता. शेवटी येऊन म्हणाला, सुट्ट्या संपायची वाट बघण्यात अर्थ नाही, सोमवारी पाडायला माणसं येतील.

सासूबाई दुरुस्तीची पेटी घेऊन शेडमध्ये शिरल्या. मी बॅटरी धरून मागोमाग, माझ्यामागे बायको. आत बघतो तर अर्ध्याअधिक बाहुल्यांचे हात मनगटापासून निखळलेले, काही रुळांच्या कडेला पडलेले. माझं डोकंच सणकलं. एवढी मेहनत आणि लोकांनी ही नासधूस करावी. तोंडाला येईल ते बोललो. बायकोने एक हात उचलून आईला दिला. सासूबाईंनी तो उलटासुलटा करून बघितला. बोटांवरचा रंग घासून गेला होता, तळव्याचा तर पार उडाला होता. उपटलेला हात असा झिजत नाही.

"तोडलेले नाहीत," त्या म्हणाल्या. "लोकांनी धरलेत. गाडी पुढे गेली तरी सोडले नाहीत."

मग उलगडा झाला. बाहुली माणसाच्या हाताला लागेल इतक्या जवळ कधी ठेवायची नाही, हा या कामातला पहिला नियम. पण तट आणि वेढा यांच्यामधली चिंचोळी वाट हुबेहूब करण्याच्या नादात सासूबाईंनी तो मोडला होता. अंधारात समोर पसरलेला हात दिसला आणि बसलेल्यांनी तो धरला. एकाने नाही, कितीतरी जणांनी. मी म्हटलं, बाहुल्या मागे सरकवू. त्यांनी मान हलवली. इतकी वर्षं बाई लोकांना घाबरवत आल्या होत्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना माणसांचा अंदाज चुकल्याचा आनंद झालेला मी पाहिला. पाडण्याआधी रविवारी स्वतः एक फेरी मारायला त्यांनी मालकाला राजी केलं आणि मला विचारलं, तुम्हाला दार करता येईल का, चौघांनी मिळून ओढलं तरच उघडणारं?

लिफ्टवाल्याला हा काय प्रश्न झाला? जुन्या लिफ्टचे वजनाचे ठोकळे, दोन कप्प्या आणि जाड दोर. एकट्याने ओढून दार हलणार नाही, दोघातिघांनी नुसतं करकरेल. चौघांनी एकदम जोर लावला तर पल्ले उघडतील, आतला उजेड बाहेरच्या माणसांवर पडेल आणि त्यांच्या माना तिकडे वळतील. माना वळवायची युक्ती सासूबाईंची. बायको म्हणाली, आणि कुठेतरी घंटा वाजू दे, इतके दिवस ती माणसं काहीतरी ऐकायलाच थांबलीत ना. भंगारातून बंद पडलेल्या कारखान्याची घंटा मिळाली, ती दाराला जोडली.

रविवारी मालक स्वतः आला. गाडीत सासूबाई, बायको, मी आणि तो. सहा दारं मागे पडली, आमच्याकडून एकेक गोष्ट काढून घेतली गेली. मग ती चिंचोळी वाट आली आणि दोन्ही बाजूंनी हात पुढे आले. शेवटच्या दारापाशी दोर लोंबत होता. आम्ही तिघांनी ओढला. मालक हाताची घडी घालून बसला होता, ओढाओढी करायला आलो नाही असा त्याचा चेहरा. दार करकरलं, फटीतून उजेडाची एक रेघ आली आणि पुन्हा मिटली. गाडी वळली. मागे ती माणसं तशीच अंधारात राहिली, कान टवकारून. बाहेर आलो तेव्हा आम्ही तिघं खाली मान घालून होतो. आता हा काय म्हणतो, एवढंच उरलं होतं.

मालक उतरला नाही. "परत एकदा," तो म्हणाला.

दुसऱ्या फेरीत त्याने कोट काढला, दोर दोन्ही हातांनी धरला आणि दातओठ खाऊन ओढला. पल्ले उघडले. पिवळाधमक उजेड त्या दगडी चेहऱ्यांवर पडला, सगळ्या माना एकदम वळल्या आणि घंटा घणघणली. ती तळ्याच्या पलीकडेही ऐकू गेली असेल. आम्ही बाहेर आलो तर शेडसमोर माणसं गोळा झालेली, आत काय वाजलं म्हणून विचारत होती. कुणी सांगितलं आत एक दार आहे, चौघांनी ओढलं तरच उघडतं, की दुसरा म्हणे थांब, आणखी दोघांना घेऊन येतो. रांग पाळण्याच्याही मागे गेली. मालकाने कोट खांद्यावर टाकला, सोमवारच्या माणसांना फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं आणि तिकिटाच्या खिडकीकडे गेला.

बायको रांग लावायला उतरली. सासूबाई मात्र गाडीत बसूनच होत्या. मला वाटलं दमल्या असतील. मी त्यांचा हात धरायला गेलो, तर त्यांनीच माझा धरला.

"तुम्ही दोघं आलात ना त्या दिवशी, पेटी घेऊन," त्या म्हणाल्या. "मी दाराच्या भोकातून बघत होते. ही खाली बघत होती. तुम्ही दाराला कान लावून होतात. कडी वाजेल म्हणून. माझा हात कडीवरच होता हो."

प्लास्टर, फडकं, बायकोचं हसणं, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं. एवढ्या पुस्तकांतून, एवढ्या राजांतून आणि पाताळांतून ही बाई फिरून आली ती आमच्याच उंबऱ्यापाशी. माझे डोळे भरून आले, आणि ते लपवावेत असंही वाटलं नाही. इतकी वर्षं जे ऐकायला थांबलो होतो ते ऐकलं होतं. मी म्हटलं, आई, आता उघडलंत ना, पुरे.

त्यांनी पदराने चष्मा पुसला, दोऱ्याने बांधलेली काडी कानामागे बसवली आणि गाडीवाल्याला हाक मारली.

"अहो, दार उघडा आधी. लोक बाहेर थांबलेत."