अंगठा कुठे जातो

एखाद्या माणसावर लिहायला लिहिणाऱ्याच्या अंगी काहीतरी असावं लागतं, आणि ते माझ्यात नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. घरी चार ओळी कळवायच्या तरी मी आधी कच्चं लिहून बघायचो. तेव्हा कुठे चुकलं तर सांभाळून घ्यावं. पण धायरीत ज्यांच्या गच्चीवरच्या खोलीत मी कॉलेजची वर्षं काढली, त्या घरमालक काकांइतका दुसऱ्याच्या चुकीवर प्रेम करणारा माणूस अख्ख्या पुण्यात नसेल. आणि पुण्यात अशी गोष्ट फारच उठून दिसते.

खोली बघायला गेलो तेव्हा काकांनी ना गाव विचारलं ना भाड्याचं बोलले. माझ्या हातात एक पांढरी गुळगुळीत नळी दिली, दोन्ही टोकं सारखी. म्हणाले, "मांडीला लावा आणि दाबा." काका सगळ्यांना 'तुम्ही'च म्हणत, दारातल्या मांजरालासुद्धा. मी बॉलपेन धरावं तशी नळी धरली, वरच्या टोकावर अंगठा ठेवला आणि दाबली. वरूनच एक बोथट काडी टचकन बाहेर आली आणि अंगठ्याला लागली. मी घाबरून म्हणालो, "चुकलं, काका." त्यांचा चेहरा एकदम उजळला. "अहो, चूक तुमची नाही. टोकाची आहे." आतून काकूंचा आवाज आला, "मिळाली रे तुला खोली. सामान घेऊन ये."

यामागची हकिकत काकूंनीच मला पुढे सांगितली. काकूंना मधमाशी चावली की अंगावर गांधी उठत आणि घसा आवळत जाई. अशा वेळी मांडीत टोचायचं, आपोआप सुई मारणारं एक पेन भाच्याने परदेशातून आणून दिलं होतं. वेळ आली तेव्हा काकांनी घाईत ते उलटं धरलं. सुई काकूंच्या मांडीत जायच्या ऐवजी काकांच्या अंगठ्यात गेली. शेजाऱ्याच्या गाडीतून दवाखाना गाठला म्हणून निभावलं. काकांनी जन्मभर कारखान्यात प्लॅस्टिकच्या वस्तूंचे साचे केले होते. आपल्याच अंगठ्याने असा दगा द्यावा, हे त्यांच्या मनातून गेलं नाही. खिडक्यांना जाळ्या लागल्या, गच्चीवरची फुलझाडं गेली. काकूंची एकुलती बहीण कोकणात आंब्याच्या बागेत राहायची. तिच्याकडे जाणं बंद झालं. काका बरोबर जाऊ शकले असते, पण ते म्हणत, "माझ्या अंगठ्यावर माझा विश्वास नाही. कुणाच्याही हातात दिलं तरी चुकणार नाही असं पेन होऊ द्या, मग जा." बहिणीचा फोन आला की काकू सांगत, "पुढच्या वर्षी बघू." मग फोन ठेवून बराच वेळ भांडी आवरत बसत, आवरलेली असली तरी.

तसं पेन करायला काका स्वतःच बसले. त्यामुळे घरात येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात आधी नळी पडायची. गॅसवाला, इस्त्रीवाला, लग्नाचं आमंत्रण द्यायला आलेले पाहुणे, सगळ्यांच्या. पाहुण्यांचा अंगठा कुठे जातो हे काका इतकं तल्लीन होऊन बघत की चहा निवून जाई. काकू म्हणत, "आमच्याकडे चहा गारच असतो. गरम हवा असेल तर शेजारी जा." मार्केट यार्डात मोसंबी घ्यायला गेले की काका एखादं फळ तळहातावर घेऊन मांडीवर सुई कशी टेकेल या विचारात हरवत. गाळेवाला म्हणे, "काका, घ्यायचंय का नुसतं बघायचंय?" ते म्हणत, "बघतोय, अजून काही सुचत नाहीये."

नव्या नमुन्याची पहिली चाचणी मात्र माझ्यावर व्हायची. टोकाला लाल रंग दिला, बाण काढला, तरी माझा अंगठा नेमका सुईवरच. काका समाधानाने म्हणत, "तुमच्यावर विसंबून राहता येतं." कॉलेजात मी चूक होईल म्हणून तोंड उघडत नव्हतो. त्या गच्चीवर मात्र माझ्या चुकीची कोणीतरी वाट बघत होतं. ते किती बरं वाटायचं, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

एका दुपारी खालच्या आळीतल्या एक बाई ताक न्यायला आल्या. काकूंचा हात दुखत होता, म्हणून त्या बाईंनीच रवी घेतली आणि स्वतःच घुसळायला लागल्या. काका दारात थबकले. "तुम्हाला कुणी सांगितलं कुठून धरायची?"

"आता रवी कुठनं धरायची ह्ये बी सांगाय लागतंय व्हय, काका?"

काका तसेच गच्चीवर गेले आणि अंधार पडेपर्यंत कठड्याला टेकून उभे राहिले. पुढचा नमुना रवीसारखा होता: सुईकडचं टोक फुलासारखं पसरट, मांडीवर आपसूक टेकणारं, दुसरं निमुळतं, मुठीत मावणारं. तो माझ्या हातात आला आणि मी बरोबर धरला. काका कितीतरी वेळ माझ्या अंगठ्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "आज तुम्ही चुकला नाहीत." आनंद झाला होता, पण आम्हा दोघांना थोडं पोरकंही वाटलं.

मग ते पिशवीत नमुना घेऊन हिंजवडीतल्या एका कंपनीत खेटे घालू लागले. तिथले लोक म्हणत, कळवू. काका म्हणत, "त्या रस्त्यावर बस इतकी थांबते, फार छान विचार होतो." माझं शिक्षण संपलं, नोकरीसाठी मी नागपूरला आलो, तोवर काहीच कळवलेलं नव्हतं. पुढे फोनही कमी झाले.

गेल्या रविवारी काकूंचा फोन आला. मागे कोकिळा ओरडत होती.

"कुठे आहात, काकू?"

"बहिणीकडे. बागेत बसलेय. पेन निघालं रे यांचं बाजारात. नाव कंपनीचं, रंग यांना आवडलेला नाही. पण आकार रवीचाच. इथे आल्यावर बहिणीच्या सासूबाईंच्या हातात नमुना दिला, काही न सांगता. बरोबर धरला."

"आणि काका?"

"धायरीत. एकटे. मी म्हटलं चला, तर म्हणाले, आता माझी गरज नाही, तुम्ही जा."

मी विचारलं, "मग आता घरी कोणी आलं तर हातात काय देतात?"

"चहा," काकू म्हणाल्या. "स्वतः करून. गरम असतो म्हणे."