फ्लीसच्या ब्लँकेटला लोकरीची किनार

चेन्नईत ब्लँकेट कशाला लागतं, असं पुण्याहून फोनवर विचारतात. एसी असतो म्हणून लागतं. आम्ही वेलचेरीच्या फ्लॅटमध्ये मे महिन्यात एसी लावून डोक्यावरून पांघरूण घेतो आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की घामाने निथळतो. पंचवीस वर्षं इथे काढल्यावर यात हसण्यासारखं काय आहे तेही कळेनासं होतं.

सून पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी, इथेच चेन्नईत तिरुवल्लिकेणीला गेली होती. ती तिसऱ्या महिन्यात नातीला घेऊन परत येणार, म्हणून मी टी. नगरच्या फुटपाथवरच्या ढिगातून फ्लीसच्या सिंथेटिक कापडाची दोन ब्लँकेटं उचलून आणली. मऊ होती, पण कडा नुसत्या कात्रीने कापलेल्या. फ्लीसचे धागे सुटत नाहीत, त्यामुळे किनार शिवायचे कष्ट कोण घेतो! तशीच दिली असती तर फरशी पुसायचं फडकं म्हणून खपली असती. मी क्रोशाची किनार लावायचं ठरवलं.

खरं सांगायचं तर ती ब्लँकेटं नातीपेक्षा सुनेसाठी जास्त होती. सून मूळच्या तंजावरकडच्या मराठी घरातली. त्यांची मराठी शेकडो वर्षांपूर्वी तिकडे गेली आणि तिथेच राहिली. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत ती पानं घेऊन उभी राहिली आणि तिने विचारलं, ‘‘अस्क्यांस वाढूं का?’’ म्हणजे, सगळ्यांना वाढू का. मी हसले. नुसती हसले असते तरी निभावलं असतं. मी माझ्या बहिणीला व्हिडिओ कॉल लावला आणि सुनेला तेच पुन्हा बोलायला लावलं. तिने बोलून दाखवलं. त्या दिवसापासून ती माझ्याशी फक्त इंग्रजीत बोलते. अगदी गोड, अगदी अदबीने. माझ्या जिभेला हाड नाही हे मला ठाऊक आहे, पण त्याची एवढी शिक्षा होईल असं वाटलं नव्हतं. तिला पुन्हा माझ्याशी मोकळेपणाने बोलतं करायचं होतं, आणि तोंडाने काही जमत नव्हतं, म्हणून हात कामाला लावले.

यजमान नुकतेच निवृत्त झालेले, तेव्हा खर्चाला हात आखडता. नवी लोकर आणायची नाही, हे मीच ठरवलं. कपाटात त्यांचा पुण्याचा स्वेटर होता, अस्सल लोकरीचा. इथे तो एकदाही अंगावर चढला नव्हता. मी तो उसवायला घेतला तेव्हा ते म्हणाले, ‘‘थंडी पडली तर?’’ मी म्हटलं, ‘‘पडली तर बघू.’’

फ्लीसमधून क्रोशाची सुई सरळ जात नाही. दुकानात त्यासाठी भोकं पाडायचं खास पातं मिळतं म्हणे, पण मी साध्या सुईदोऱ्याने कडेभोवती काजाचा टाका घातला आणि त्या टाक्यांत सुई अडकवून साखळ्या आणि खांब विणले. कोपऱ्यावर तीन खांब जास्त घेतले, म्हणजे कोपरा ओढत नाही. आठ दिवसांत दोन्ही ब्लँकेटं झाली. इतकी छान दिसली की मी स्वतःच दोनदा घडी मोडून पाहिली.

मग माती खाल्ली. बाळाचे कपडे कढत पाण्यातून काढायचे, ही माझी शिस्त. ब्लँकेटं मशीनमध्ये टाकली, कढत पाणी सोडलं आणि निवांत चहा घेतला. पंचवीस वर्षांत लोकर धुतली नव्हती. ती गरम पाण्यात आटते हे पार विसरून गेले. लोकर आटली, फ्लीस आटलं नाही. किनार घट्ट, राठ झाली, कडा आत ओढल्या गेल्या आणि ब्लँकेटाची कढई झाली. हाताने ओढून पाहिलं, इस्त्री फिरवून पाहिली. एकाची थोडी सपाट झाली, तेवढंच.

सून आली. मी त्यातल्या त्यात बरं होतं ते तिच्या हातात दिलं. तिने किनारीवरून बोट फिरवलं. ‘‘सो प्रिटी, अम्मा. थँक यू,’’ म्हणाली आणि घडी करून कपाटात ठेवलं. तिच्या आईचा हात क्रोशात बसलेला, तिला त्यातलं सगळं कळतं. वाईट आहे असं म्हणाली असती तर बरं झालं असतं. परक्या बाईला म्हणतात तसं ते ‘प्रिटी’ मला फार लागलं.

दोन दिवसांनी मी सरळच विषय काढला. ‘‘त्या दिवाळीला मी हसले. फार चुकलं माझं.’’

‘‘इट्स ओके, अम्मा,’’ ती म्हणाली आणि बाळाच्या बाटल्या उकळायला गेली. मला रागही आला. एवढं नाक घासल्यावरही ही बाई इंग्रजीतून खाली उतरायला तयार नाही!

पुढच्या आठवड्यात एका दुपारी ती आंघोळीला गेली होती. एसीत नातीचे पाय गार लागले, म्हणून मी हट्टाने कपाटातलं ब्लँकेट काढलं आणि तिला हनुवटीपर्यंत गुंडाळलं. पोर आधी चुळबुळली, मग टाहो फोडला. सून ओल्या केसांनी धावत आली. ब्लँकेट ओढून काढलं तर गालावर, गळ्यावर लालभडक चट्टे.

‘‘अयो! पाहा, पोरीचं कातडं कसं झालं तें!’’ ती ओरडली. ‘‘ह्या उकाड्याच्या गांवांत लोकर कशाला लावली? सूत मिळत नाही काय? आमच्या अम्माकडे डबाभर आहे, एक शब्द विचारलं असतं तर! आणि तें कढत पाण्यांत कोण टाकतं? तुम्हांस एवढंही कळत नाही?’’

एका हातावर पोर, दुसऱ्या हातात ब्लँकेट, आणि तोंड सुरूच. आपण इंग्रजी सोडलंय हे तिच्या लक्षातही आलं नाही. तिने ते माझ्या मांडीवर टाकलं. ‘‘काढा तें. आत्तांच काढा!’’

एरवी मला कुणी असं बोललं असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. मी कात्री घेतली आणि काजाचे टाके एकेक करून कापायला लागले. ती बोलतच होती, आणि मी मान वर केली नाही, कारण डोळे भरले होते आणि ते पाहून ती गप्प झाली असती.