न झालेली दोन पानं

सात रस्त्याजवळ आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहते ती बाई जेऊरची. मोबाइलवरून शेताला पाणी सोडायचं सॉफ्टवेअर असतं, ते कसं वापरायचं त्याची पानं ती इंग्रजीतून मराठीत करते. लिहिलेलं वाक्य मोठ्यानं वाचते आणि अडखळली की स्वतःवरच खेकसते, "अगं, असं कुणी बोलतं का?" मी चौथी शिकलोय, पण खाली बसून मला तिचं सगळं कळतं.

परवा दोन पानं व्हायची राहिली. कॉम्प्युटरला ती दोन सापडेनात म्हणून तो बाकीची मराठी पानंही शेतकऱ्यांच्या मोबाइलवर सोडेना. फोनवर तिच्या कंपनीचा साहेब म्हणाला, "मॅडम, तिथं कोरी पानं लावून टाका. नाहीतर या खेपेला मराठी वगळतो."

"कोरं पान उघडून शेतकऱ्यानं काय करायचं, सर? मी लावणार न्हाय." चिडली की तिच्या तोंडात गावाकडचं 'न्हाय' येतं.

मग तिनं कॉम्प्युटरलाच सांगून ठेवलं, ही दोन असली तर घे, नसली तर बाकीची अडवू नको.

मी म्हणालो, "पोरी, अर्धवट काम हाय की हे. मला पटत न्हाय."

"नका पटवून घेऊ, काका. मराठी पानं आज गेलीच पाहिजेत."

संध्याकाळी पानं गेली. मी माझ्या मोबाइलवर मुद्दाम न झालेलंच पान उघडलं. तिथं तिनं लिहून ठेवलं होतं, 'हे पान अजून मराठीत झालेलं नाही. तोवर इंग्रजी पान इथं बघा.'

चूक काढायलाच चष्मा लावला होता. पण नाही ते सरळ नाही म्हणून लिहिलेलं, तिथं काय काढणार? पटलं मला. तिला अजून सांगितलं न्हाय, सांगणार बी न्हाय.